८२,९०० चा फोन ८९,६९७ ला कसा पडला आणि त्यातले किती परत आले

हा फोन, आयफोन १७, माझ्या धाकट्या भावासाठी घेतला. तो लग्नाच्या, बारशाच्या, दुकानांच्या ओपनिंगच्या रील्स करून देतो. सकाळी शूट, संध्याकाळपर्यंत एडिट करून पार्टीच्या हातात, हेच त्याचं काम, आणि त्यासाठी त्याच्याकडे मोठा कॅमेरा नाही, फोन हाच कॅमेरा. अनंत चतुर्दशीला, म्हणजे ६ सप्टेंबर २०२५ ला, लक्ष्मी रोडवर एका ढोल पथकाचं शूट होतं, दुपारपासून भिजत भिजत रात्री उशिरापर्यंत तिथेच होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोनच्या स्क्रीनवर हिरव्या उभ्या रेघा. दोन दिवसांनी चार्जच होईना. रिपेअरवाल्याने उघडून बघितलं आणि म्हणाला बोर्डात पाणी गेलंय, खर्च करू नका.

पुढे नवरात्र, दसरा, दिवाळी, मग लग्नं. तेवढ्याच दिवसांवर त्याचं वर्ष निघतं. मित्राचा फोन मागून दोन कामं केली पण असं किती दिवस चालणार. त्यात १९ सप्टेंबरला आयफोन १७ आला, २५६ जीबीचा ८२,९०० ला. प्रो घ्यायचा तर १,३४,९००, तो आमच्या हिशोबात बसतच नव्हता. साध्या १७ लाही आता १२० हर्ट्झचा डिस्प्ले आणि सुरुवातच २५६ पासून, व्हिडिओवाल्याला दोन्ही लागतं. त्याचे साठवलेले ४५ हजार होते, बाकीचे मी घालायचे ठरलं. घरी बाबा म्हणाले जीएसटी कमी झालाय ना, २२ तारखेनंतर घ्या. ते मीच त्यांना समजावलं, मोठ्या टीव्हीचा आणि एसीचा २८ वरून १८ झाला, मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ च आहे आणि तोच राहिलाय, त्यामुळे थांबून काही फरक नाही. मी एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते म्हणून हे रोजचंच. त्याच कामामुळे पुढचं सगळं माझ्या लक्षात आलं असं मला वाटतं, नाहीतर मीही पैसे देऊन गप्प बसले असते.

आधी ऑनलाइन बघितलं. ॲपल कंपनीच्या साइटवर डिलिव्हरीची तारीख दसऱ्याच्या बरीच पुढची दाखवत होती. कोरेगाव पार्कला कंपनीचं स्वतःचं स्टोअर ४ सप्टेंबरलाच सुरू झालंय, तिथून पिकअप मिळतंय का ते भाऊ रोज सकाळी उठल्या उठल्या बघायचा, आम्हाला हवा होता त्या रंगात कधीच नसायचा, आणि कधी दिसलाच तर पेमेंट करेपर्यंत गेलेला असायचा. मग म्हटलं दुकानं फिरू. पुण्यात मोबाइलच्या दुकानांना काय तोटा.

पहिलं दुकान टिळक रोडच्या बाजूचं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं कुठला कलर, आत जाऊन आला, म्हणाला आहे. मी म्हटलं चला, बिल करा. तर म्हणे "मॅडम, हा बंडलमध्ये आहे." बंडल म्हणजे त्यांचं कव्हर, त्यांची स्क्रीनवर चिकटवायची ग्लास, त्यांचा चार्जर आणि वर एक प्रोटेक्शन प्लॅन, सगळं मिळून अकरा हजारांच्या आसपास. मी म्हटलं मला फक्त फोन पाहिजे. "मग स्टॉक नाही मॅडम." दोन मिनिटांपूर्वी होता तो फोन.

दुसरं दुकान कॅम्पातलं. तिथे भाषा वेगळी. तिथल्या माणसाने सरळ सांगितलं, पाच हजार ऑन. हा शब्द मला गाड्यांच्या बाबतीत माहीत होता, नवीन गाडीचं वेटिंग असलं की शोरूमपेक्षा जास्त देऊन लगेच मिळते तो ऑन. फोनलाही तोच शब्द चालतो हे त्या दिवशी कळलं. बिल ८२,९०० चंच मिळणार, पाच हजार कॅश, त्याची पावती नाही. मी विचारलं पावती का नाही, तर तो म्हणाला "ताई, सगळेच असं देतायत, तुम्हाला नको असेल तर सोडा, मागे लाइन आहे." खरंच होती लाइन. माझ्यासमोर एका माणसाने पाचशेच्या नोटा मोजून दिल्या आणि फोन घेऊन गेला, त्याच्या चेहऱ्यावर आनंदच होता, आणि मला तिथे उभं राहून फार वाईट वाटलं, कारण त्या पाच हजारांचा कुठेच कागद राहिला नाही, उद्या त्याने काहीही म्हटलं तरी तो सिद्ध काय करणार.

तिसरीकडे फोन होता पण फक्त फायनान्सवर. पूर्ण पैसे एकदम देतो म्हटलं तरी नाही. लोन करा, प्रोसेसिंग फी भरा, हवं तर महिन्याभराने लोन बंद करा. रोख पैसे देणाऱ्याला दुकानदार नाही म्हणतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बाहेर आल्यावर भावाच्या मित्राने सांगितलं की लोन लावलं की दुकानाला फायनान्स कंपनीकडून वेगळं कमिशन सुटतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीच्या आसपासही एक चक्कर मारली, तिथे एकाकडे सील पॅक होता, किमतीतही घासाघीस करायला तयार होता पण बिल दुसऱ्याच कोणाच्या नावाचं. ते नको म्हटलं, भावाच्या कामाचा फोन, चोरीला गेला, बिघडला तर आपल्या नावाचा कागद पाहिजे.

ह्याच दिवसांत एकदा न्यू जर्सीच्या मामेभावाशी व्हिडिओ कॉल झाला, त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडेही हे झालंय. तिथे बरेच लोक फोन मोबाइल कंपनीच्या कनेक्शनबरोबर, हप्त्यावर घेतात, आणि २०१७ मध्ये आयफोन एक्स आला तेव्हा बेस्ट बाय नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने असं केलं की हप्त्यावर घ्याल तर ९९९ डॉलरच्या हिशोबाने आणि कुठल्याही बंधनाशिवाय पूर्ण पैसे देऊन घ्याल तर १,०९९ डॉलर. म्हणजे पूर्ण पैसे आधी देणाऱ्यालाच शंभर डॉलर जास्त. लोकांनी आरडाओरडा केला, तर त्यांनी शंभर डॉलर कमी नाही केले, तसे विकणंच बंद केलं. नंतर आयफोन १२ च्या वेळेला ॲपलनेही तिथे किंमत लावताना कनेक्शनबरोबर घेतला तर ७९९ आणि कनेक्शनशिवाय घेतला तर ८२९ असं ठेवलं होतं. मी त्याला विचारलं हे कायद्यात कसं बसतं, तर तो म्हणाला तिकडे कंपनी सांगते ती किंमत सुचवलेली असते, दुकानदाराने जास्त लावली तरी त्याला कोणी अडवत नाही, आपण दुसऱ्या दुकानात जायचं.

इथे माझं डोकं चालायला लागलं, कारण आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे बॉक्सवर एमआरपी छापलेली असते, सगळे कर धरून, आणि ती सुचवलेली नसते, ती कमाल असते. वैध मापन शास्त्राच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत स्पष्ट आहे की किरकोळ विक्रेता छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. बिस्किटाच्या पुड्याला जो नियम तोच ह्या फोनच्या बॉक्सला. आणि आपल्याकडे कनेक्शन देणाऱ्या मोबाइल कंपनीने फोनची काही किंमत स्वतः उचलायची पद्धत कधी रुजलीच नाही. २००८ च्या ऑगस्टमध्ये आयफोन ३जी भारतात एअरटेल आणि व्होडाफोनने आणला तेव्हा अमेरिकेत तो दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला मिळत होता, आणि आपल्याकडे ८ जीबीचा ३१,००० आणि १६ जीबीचा ३६,१०० ला. म्हणजे आपण पहिल्यापासूनच पूर्ण पैसे मोजणारे. तिकडे निदान कनेक्शन न घेतल्याचं कारण तरी सांगतात, इथे सगळेच पूर्ण पैसे देतात, मग हे वरचे पैसे कशाचे? माल कमी आहे आणि तुम्हाला घाई आहे, एवढंच कारण.

तर २४ सप्टेंबरला आमच्याच भागातल्या, सिंहगड रोडवरच्या एका दुकानात बुकिंग केलं. ओळखीचं दुकान, बाबांचा साधा फोनही तिथूनच घेतलेला. तिथे म्हणाले दसऱ्याच्या आधी नक्की देतो, दोन हजार ॲडव्हान्स. पावतीवर लिहून घेतलं, आयफोन १७, २५६, मिस्ट ब्लू, ८२,९००, ॲडव्हान्स २,०००. मी मुद्दाम किंमत लिहायला लावली. त्या मुलाने लिहिली, काही कुरकुर केली नाही.

२९ ला संध्याकाळी व्हॉट्सॲप आलं, पीस आलाय, उद्या या. खाली बंडलचा फोटो. प्रोटेक्शन प्लॅन ४,४९९, कव्हर १,२९९, ग्लास ९९९. मी लिहिलं, आम्हाला फक्त फोन हवाय, बुकिंग पावतीवर ८२,९०० आहे, बाकी काही नको. त्याचं उत्तर आलं ते जसंच्या तसं देते: "सॉरी मॅडम बंडल कम्पल्सरी आहे, ओनरने सांगितलंय, नको असेल तर ॲडव्हान्स रिफंड करतो."

हा मेसेज मी त्या वेळी रागाने वाचला. नंतर ह्याच एका ओळीवर सगळं उभं राहिलं.

त्या रात्री घरी आमचं भांडण झालं. मी म्हणत होते घ्यायचाच नाही, ॲडव्हान्स परत घेऊ. भाऊ म्हणाला, "ताई, तू तत्त्वाचं बोलतेस, माझी दसऱ्याची दोन ओपनिंगं आहेत, ती गेली तर ती पार्टी पुढच्या वेळी मला बोलावणारच नाही." त्याचं खोटं नव्हतं. सहा-सात हजारांसाठी तेवढ्याच रकमेचं काम घालवायचं का, आणि मुख्य म्हणजे ओळख घालवायची का. हे दुकानदाराला पक्कं माहीत असतं. ज्याला हौसेसाठी फोन पाहिजे तो महिनाभर थांबू शकतो, ज्याचं पोट त्यावर आहे तोच आधी पैसे देतो, म्हणून मला हे वरचे पैसे जास्त टोचतात.

३० तारखेला गेलो. काउंटरवर मी परत एकदा विचारलं, सगळ्यांसमोर, की फक्त फोन देणार का. नाही. मालक स्वतः होते, ते काही उर्मट बोलले नाहीत, उलट समजावून सांगत होते की ह्या फोनमागे आम्हाला फार सुटत नाही, वरून डिस्ट्रिब्युटर आम्हाला हा माल देताना न खपणारी मॉडेल्स आणि ॲक्सेसरीज गळ्यात मारतो, मग आम्ही काय करायचं. मला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. छोट्या दुकानदाराची मान वर अडकलेली असते हे मी ऑफिसात त्यांचीच खाती लिहिताना बघते. पण त्यांनी ते डिस्ट्रिब्युटरशी भांडायला पाहिजे, ते माझ्या भावाच्या खिशातून का जावं.

पैसे दिले. सगळे यूपीआयने, कॅश एक रुपया नाही. दोन बिलं झाली. एक फोनचं, ८२,९००, त्यात मूळ किंमत ७०,२५४.२४ आणि सीजीएसटी, एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) ६,३२२.८८ प्रत्येकी, फोनच्या ओळखीच्या आयएमईआय नंबरसकट, एकदम स्वच्छ बिल. दुसरं ६,७९७ चं, प्लॅन, कव्हर, ग्लास. दोन बिलं का केली हे तिथेच लक्षात आलं, एकत्र असतं तर कोणालाही दिसलं असतं की हे एकमेकांना बांधलेलं आहे. अजून एक गोष्ट झाली जी मी थांबवायला पाहिजे होती. प्लॅनसाठी भावाच्या नंबरवर ओटीपी आला, त्या मुलाने मागितला, भावाने फोनच्या आनंदात सांगून टाकला. तो ओटीपी म्हणजे त्याने स्वेच्छेने प्लॅन घेतल्याची संमती होती. मेसेजमध्ये खाली बारीक लिहिलं होतं.

फोन चांगला निघाला, ते सांगायला हवं. सील समोर फोडलं, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आलेला आयएमईआय बॉक्सवरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवून घेतला, सगळं ठीक. दसऱ्याची दोन्ही ओपनिंगं त्याने केली.

ऑफिसात मी सरांना दोन्ही बिलं दाखवली. मला वाटत होतं एमआरपीचा नियम मोडलाय म्हणून वजनमापेवाल्यांकडे, म्हणजे वैध मापन खात्याकडे जावं. सर म्हणाले, बिल नीट बघ, फोन छापील किमतीलाच दिलाय, कागदावर एमआरपीचा नियम मोडलेलाच नाही. कॅम्पातल्या माणसाने पाच हजार वर घेतले तिथे तो मोडला, पण त्याचा तुझ्याकडे पुरावा नाही. तुझी गोष्ट वेगळी आहे. आणि त्यांनी मला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधलं कलम २(४१) काढून वाचायला लावलं. प्रतिबंधक व्यापार प्रथा असा शब्द आहे त्याला. त्यात साध्या भाषेत असं की एखादी वस्तू मिळण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची अट घालणं ही तशी प्रथा धरली जाते, आणि ग्राहक त्याविरुद्ध तक्रार करू शकतो. मी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. माझ्या फोनमध्ये दुकानाचा मेसेज होता, "बंडल कम्पल्सरी आहे". अट घातल्याचं त्यांनीच लिहून दिलं होतं. टिळक रोडवरच्या दुकानातही हेच झालं होतं पण तिथे सगळं तोंडी, म्हणून तिथलं काहीच करता आलं नसतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मी आधी २ ऑक्टोबरला लावला, दसरा म्हणून सुट्टी होती ना मला, पण त्याच दिवशी गांधी जयंती, राष्ट्रीय सुट्टी, त्यामुळे त्यांचंही बंद. ३ तारखेला लागला. मराठीचा पर्याय आहे, बोलणाऱ्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की नक्की काय हवंय तुम्हाला. ह्या प्रश्नाची तयारी करून जा असं मी सगळ्यांना सांगीन, कारण मी दहा मिनिटं काय झालं तेच सांगत होते, मला काय पाहिजे ते सांगितलंच नव्हतं. मग म्हटलं ६,७९७ रुपये परत पाहिजेत, कव्हर आणि ग्लास मी परत करायला तयार आहे, प्लॅन रद्द करा. तक्रारीचा नंबर मिळाला. मग हेल्पलाइनच्या पोर्टलवर जाऊन दोन्ही बिलं, बुकिंगची पावती, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट असं अपलोड केलं. निदान मला वाटलं सगळं केलं. प्रत्यक्षात तो महत्त्वाचा मेसेज असलेला स्क्रीनशॉट अपलोडच झाला नव्हता, फाइल मोठी होती म्हणून राहिली, आणि मी परत उघडून बघितलं नाही.

१३ ऑक्टोबरला दुकानाचं उत्तर आलं. ग्राहकाने ॲक्सेसरीज आणि प्लॅन स्वेच्छेने घेतला, ओटीपीने संमती दिली, वेगळं बिल दिलेलं आहे. वाचून हातपाय गार पडले. मग बघते तर तो स्क्रीनशॉट नाहीच. लहान करून परत टाकला आणि खाली लिहिलं की संमती देण्याच्या आदल्या दिवशी आम्ही स्पष्ट नको म्हटलेलं आहे आणि दुकानाने कम्पल्सरी आहे असं लिहिलेलं आहे, तर ही स्वेच्छा कशी. हेल्पलाइनला परत फोन केला, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आम्ही दुकानाकडे पाठपुरावा करतो, पण पैसे द्यायला लावायचा अधिकार आम्हाला नाही, तो ग्राहक आयोगाला. हे माहीत असलेलं बरं. बऱ्याच जणांना वाटतं १९१५ म्हणजे पोलीस, तसं नाही, ती मध्यस्थी आहे.

मग नोटीस. वकील नाही केला. दीड पानाचं साधं मराठी पत्र, तारखेनिहाय काय झालं, कुठलं कलम, किती रक्कम, पंधरा दिवसांत परत करा नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. त्यात मी एकही विशेषण ठेवलं नाही. पहिल्या मसुद्यात लूट, फसवणूक असं खूप होतं, सरांनी लाल पेनाने सगळं खोडलं आणि म्हणाले तारखा आणि आकडे पुरेसे आहेत. १५ ऑक्टोबरला पोस्टात गेले, रजिस्टर एडी द्या म्हटलं, तर काउंटरवरच्या काकांनी सांगितलं की रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये गेलंय, आता पोचपावतीसकट स्पीड पोस्ट करा. तसं केलं. तिसऱ्या दिवशी पोचलं.

मध्ये दिवाळी आली. त्या दुकानावरून रोज जायचं, माळा लावलेल्या, गर्दी, आणि मला दर वेळी पोटात कसंतरी व्हायचं. बाबा म्हणाले ओळखीचा माणूस आहे, सोडून दे. आई काही बोलली नाही पण लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिने त्या कव्हर-ग्लासचं बिल वहीत जपून ठेवलंय का एवढं विचारलं.

२७ तारखेला, सोमवारी, मालकांचाच फोन आला. "ताई, एवढ्याशा गोष्टीसाठी आयोगात कशाला, आपण घरचे लोक." मी म्हटलं काका, घरचे म्हणूनच तुमच्याकडे बुकिंग केलं होतं. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले प्लॅन रद्द करून ४,४९९ परत देतो, पण कव्हर-ग्लास वापरलेलं आहे, ते नाही घेऊ शकत. मी म्हटलं वापरलं कारण तुम्ही दुकानातच आमच्यासमोर ग्लास चिकटवून दिली. त्यावर ते म्हणाले बघू. मी सगळं बोलणं झाल्यावर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, आपलं आत्ता असं बोलणं झालं, ४,४९९ परत देण्याचं तुम्ही कबूल केलंत, बरोबर ना. त्यांनी अंगठा पाठवला. २९ ला पैसे भावाच्या खात्यात आले आणि प्लॅन रद्द झाल्याचा मेसेजही.

भावाला वाटत होतं आता पुरे. त्याच्या मनात थोडी भीतीही आहे, त्याच भागात काम करायचं, उद्या कोणी नाव घेईल. मी त्याला म्हटलं तक्रार तुझ्या नावाने आहे, तू नाही म्हणालास तर मी एक शब्द पुढे लिहिणार नाही. दोन दिवस त्याने विचार केला. मग एका संध्याकाळी शूटवरून आला आणि म्हणाला, "ताई, आज पार्टीवाल्यांनी विचारलं हा फोन कितीला पडला, मी ८२,९०० म्हणालो आणि मलाच कसंतरी झालं. तू टाक तक्रार."

नोव्हेंबरमध्ये ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर टाकली. खातं उघडणं, तक्रार, प्रतिज्ञापत्र, पुरावे एकाखाली एक नंबर घालून पीडीएफ करणं, ह्याला दोन रविवार गेले. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात फी नाही, त्यामुळे खर्च म्हणाल तर प्रतिज्ञापत्राचा आणि झेरॉक्सचा. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करता येते, म्हणजे घाई नसते, पण पुरावे तेव्हाच्या तेव्हाच गोळा केलेले असले पाहिजेत, आपल्या फोनमधले मेसेज सहा महिन्यांनी सापडत नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण असं की ह्या काळात मला ऑफिसात आणि सोसायटीत निदान आठ-दहा जण भेटले ज्यांनी कुठल्या ना कुठल्या फोनसाठी असेच वरचे पैसे दिलेत, कोणी दोन हजार, कोणी सात, आणि एकाकडेही त्याचा कागद नाही. त्यांच्यापैकी एक ताई डिसेंबरमध्ये मुलीसाठी फोन घ्यायला निघाल्या होत्या, मी त्यांना एवढंच करायला सांगितलं की दुकानात जायच्या आधी व्हॉट्सॲपवर विचारा, फक्त फोन किती, बाकी काही नको. तीन दुकानांना विचारलं. एकाने उत्तर दिलं नाही, एकाने लिहिलं दुकानात या मग बोलू, आणि तिसऱ्याने छापील किंमत लिहून पाठवली आणि त्याच किमतीला दिला.

आमच्या कव्हर-ग्लासच्या २,२९८ रुपयांची तक्रार अजून चालू आहे. ग्लासला एका कोपऱ्यात तडा गेलाय, भावाला मी ती बदलू दिलेली नाही, पुराव्यात तिचा फोटो लावलाय.